एकोणीस हाडांचा उजवा हात

१

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ते शोधून काढल्याचा आनंद तुम्हाला नको. आई म्हणते, ही आरशासमोर उभी राहिली तरी आधी समोरचीला ओळखपत्र विचारेल. पण चौकशी हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. मेलेल्या माणसांची हाडं माझ्याकडे येतात आणि ती बाईची की पुरुषाची, एवढं मी सांगायचं असतं.

कवटी आणि कमरेची हाडं मिळाली तर फार डोकं चालवावं लागत नाही. पण पाणी, कुत्री आणि गेलेली वर्षं आपल्याला विचारून काही शिल्लक ठेवत नाहीत. कधीकधी नुसता हात येतो. मग तळहातातली पाच लांब हाडं मोजायची. प्रत्येकाची लांबी, बुडाची रुंदी, डोक्याची रुंदी. पुरुषाचं हाड साधारण मोठं, बाईचं लहान. आकडे सूत्रात घातले की एक उत्तर येतं. ते रेषेच्या वर गेलं तर पुरुष, खाली राहिलं तर स्त्री. रेषेच्या दोन्ही अंगांना एक धूसर पट्टा आहे, तिथे थोराड बाया आणि नाजूक पुरुष दाटीवाटीने राहतात.

आमच्याकडे एक शिस्त आहे. प्रत्येक हाड दोघांनी मोजायचं, आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा, आणि आपले जुने आकडे न बघता. माप घेतलं की कागद पाकिटात, पाकीट कपाटात. कारण डोळा लबाड असतो, गेल्या वेळी अडुसष्ट वाचलं असेल तर याही वेळी त्याला अडुसष्टच दिसतं. दुसरा मोजणारा म्हणजे माझा सहकारी. त्याला सगळे दशांश म्हणतात, कारण तो डबा खायला किती वाजता येणार हेसुद्धा पॉइंट लावून सांगतो.

हा हात आला तो एका बंद पडलेल्या चामड्याच्या कारखान्यातून. तिथल्या दोन टाक्यांपैकी पहिली उपसताना चुन्याच्या गाळात सापडला. पाच हाडं तळव्याची, चौदा बोटांची, मनगटाचं एकही नाही. उजवा हात. बाकीच्या माणसाचा पत्ता नाही. चुन्याने डीएनए खाऊन टाकला होता. त्या विभागाकडून ‘वाचता येत नाही’ असा एका ओळीचा कागद आला आणि सगळा भार आमच्या मापांवर पडला. त्या भागातल्या बेपत्ता माणसांच्या यादीत एकच नाव उरलं होतं, एका नर्सचं.

“बाईच असणार,” तपास अधिकारी फोनवर म्हणाला. “तुम्ही फक्त सही करा, म्हणजे आम्ही सुटलो.”

उरलं होतं असं मी म्हटलं, कारण पंधरा दिवसांपूर्वी त्या यादीत दोन नावं होती. दुसरं माझ्या मोठ्या भावाचं. तो सात वर्षांनी घरी परत आला, म्हणून ते खोडलं गेलं. नाहीतर घरचा माणूस यादीत असताना मला त्या ट्रेला हातही लावू दिला नसता.

पहिल्या दिवशी हाडं अजून दमट होती. मी प्रत्येकावर काळ्या शाईने बारीक अक्षरात नंबर घातले आणि मापं घेतली. मधल्या बोटाखालचं हाड अडुसष्ट पूर्णांक चार मिलिमीटर भरलं. सूत्राला विचारायचीही गरज नव्हती, पुरुष. करंगळीखालच्या हाडाला मानेजवळ गाठ होती, कधीतरी मोडून जुळल्याची. अशी गाठ खूप जणांना असते. रागाच्या भरात भिंतीवर बुक्की मारणाऱ्यांना तर हमखास.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा दादाशी भांडून दार आपटलं होतं आणि त्याचा उजवा हात फटीत होता. करंगळीखाली मोडलं. महिनाभर प्लास्टर होतं.

आमच्या फॉर्मवर ‘जुन्या इजा’ असा एक रकाना आहे. दादा घरी बसून चहा पितोय, मग उगाच कशाला, असं मनाशी म्हणत मी तो कोरा ठेवला.

२

दादा आला तो सकाळी साडेदहाला. मी रजेवर होते, दार मीच उघडलं. अंगात राखाडी स्वेटर, पायात धुळीचे बूट, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळलेले.

“काय फौजदार,” तो म्हणाला, “आत घेणार का दारातच जबाब?”

मला फौजदार म्हणणारा जगात एकच माणूस होता. मी बाजूला झाले. मागून आईच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग पुढचा तासभर घरात नुसतं रडणं आणि हसणं चाललं होतं. मीही रडले. ते खोटं नव्हतं.

तो म्हणाला, लांब गेलो होतो, कर्ज नाही, भानगड नाही, डोकं फिरलं होतं इतकंच. भट्टीवर काम करताना हात भाजले तेव्हा घर आठवलं. आईने पुढे काही विचारलं नाही. ती त्याला भरवायची, त्याचे केस विंचरायची. सत्तरी ओलांडलेली बाई जिने धावत चढायला लागली. मी मात्र विचारत राहिले. संशय हा माझा स्वभाव आणि स्वभावाला औषध नाही.

बाथरूमचा दिवा बाहेरच्या बटणावर लागतो हे त्याला माहीत होतं. खिडकीची कडी उचलून ओढावी लागते हे माहीत होतं. बाबा गेले त्या दिवशी मी कुठे लपले होते, तेसुद्धा. जे माहीत नव्हतं त्याला तो हसून म्हणायचा, “सात वर्षं झाली की गं.” उत्तर बरोबर होतं. माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबरच येत होती.

फक्त एक गोष्ट. तो पट्ट्या स्वतःच बदलायचा, बाथरूमचं दार लावून. पट्ट्या नेहमी कोऱ्या करकरीत दिसायच्या, मलमाचा डाग नाही की वास नाही. आणि कचऱ्याच्या डब्यात जुनी पट्टी मला एकदाही सापडली नाही. हो, मी कचऱ्याचा डबा बघितला. रोज बघायचे.

३

आठ दिवसांनी दुसरं माप. आमची खोली तळघरात आहे. उंचावर एक लांबट खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त घोटे दिसतात. माझ्याकडे एक जुना व्हर्नियर आहे, पोलादी, दोन जबड्यांत हाड धरून पट्टीवर माप वाचायचं. ऑफिसात नवे बॅटरीवाले आले तरी मी तोच वापरते. दादा लेथवर काम करायचा. पहिल्या पगारात त्याने तो मला घेऊन दिला होता. मी तो कधी कुणाच्या हातात देत नाही.

मधलं हाड जबड्यात धरलं आणि पट्टी वाचली. सहासष्ट पूर्णांक नऊ.

जुना आकडा आठवायचा नाही अशी शिस्त असली तरी डोक्याला पाकीट लावता येत नाही. मी पुन्हा धरलं. सहासष्ट पूर्णांक नऊ. बाकीची चारही त्याच प्रमाणात कमी. शेवटी नोकरीत पहिल्यांदाच मी कपाट उघडून पाकीट फोडलं. तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला.

“माझंही फोडलेलंच आहे,” दशांश म्हणाला. त्याचं तोंड चोरी करताना पकडलेल्या मांजरासारखं झालं होतं. “माझाही दीड मिलिमीटर कमी आलाय.”

“हाड सुकलं की आकसतं,” मी म्हणाले.

“आकसतं. एक टक्का. हे दोन पूर्णांक दोन आहे.” मग खांदे उडवून म्हणाला, “चुन्यातलं हाड आहे. चुना काय करेल नेम नाही. नाहीतरी ओल्या हाडाचं माप धरायचंच नसतं. पहिलं माप रद्द करू, झालं.”

नियमाने तेच बरोबर होतं. तरी मला त्याचा संशय आला. फोनवरच्या अधिकाऱ्याशी याची चांगली ओळख होती, आणि अधिकाऱ्याला बाई हवी होती. कुणी एखादं लहान हाड आणून ट्रेमध्ये ठेवलं तर? मी भिंग घेऊन नंबर तपासले. शाई माझी, अक्षर माझं. फक्त पहिल्या दिवशी आकड्यांमध्ये जरा मोकळी जागा सोडली होती असं मला वाटत होतं, आणि आता ते एकमेकांना खेटून बसले होते. असं वाटणं पुरावा होत नाही.

बाहेर बाकावर त्या नर्सचे वडील बसले होते. म्हातारे शिंपी, दुकान बंद करूनही गळ्यात टेप तशीच. दर आठवड्याला येतात. त्यांनी पिशवीतून एक हातमोजा काढून माझ्यापुढे धरला, दवाखान्यातला, पिवळट पडलेला.

“साडेसहा नंबर,” ते म्हणाले. “तुम्हाला मापाला उपयोगी पडेल म्हणून आणला. तिच्या कपाटात होता.”

“काका, असं चालत नाही हो. आणि अजून मापं व्हायचीत.”

“घ्या, घ्या वेळ. मापात घाई नको.” त्यांनी मोजा पुन्हा नीट घडी घालून ठेवला. “सदरा कुणीही शिवेल बाई. हातमोजा शिवायला बसलं की कळतं, पाचही बोटं सारखी नसतात म्हणजे काय ते. माझी पोर आहे का तेवढं सांगा. नसली तरी सांगा. मी बसून बसून दमलोय.”

त्यांना मी काय सांगणार होते? माझ्या खिशातलं पहिलं माप सांगत होतं की आत तुमची मुलगी नाही.

४

त्याच दिवशी मी घरी आले तर दादाचा उजवा हात मोकळा होता.

आई टाळी वाजवून म्हणाली, “बघ, बघ, किती छान भरून आलाय!” खरंच भाजल्याचा मागमूस नव्हता. कातडी गुळगुळीत, जरा ओलसर चमक असलेली. हात मात्र लहान वाटला, अंगापेक्षा एक माप कमी. बरेच दिवस बांधून ठेवलेला हात बारीक होतोच, असं मीच मला सांगितलं. डावा अजून पट्टीत होता आणि बहुतेक वेळ स्वेटरच्या खिशात.

“मूठ वळ बघू,” मी म्हणाले.

त्याने हसत मूठ वळली. चार उंचवटे एका ओळीत. दादाचा करंगळीचा उंचवटा दार आपटल्यापासून खाली बसला होता, मूठ वळली की तिथे खड्डा पडायचा. माझ्या अपराधाची ती खूण मी तीस वर्षं बघत आले होते. आता तिथे खड्डा नव्हता.

“भरून आलं असेल,” तो म्हणाला. मी काही विचारलंच नव्हतं.

माझी पर्स टेबलावर होती. व्हर्नियरची पेटी तिच्यातून बाहेर डोकावत होती. त्याने ती उचलली, उघडली, आणि व्हर्नियर जबड्यांनी धरला. लेथवर काम केलेला माणूस माप कधी जबड्याने धरत नाही. आणि दादाची तर एक सवयच होती. माप हातात आलं की अंगठ्याने जबडे पुसायचे, मिटायचे, खिडकीकडे धरून डोळा बारीक करायचा. मिटलेल्या जबड्यांतून उजेडाची रेघ दिसली तर माप झिजलं. दुसऱ्याच्या घरी गेला तरी करायचा. लोक हसायचे.

या माणसाने व्हर्नियर थोडा वेळ बघितला, चमचा ठेवावा तसा ठेवून दिला आणि विचारलं, “याने काय मोजतेस?”

“तूच दिला होतास,” मी म्हणाले.

“हो की.” तो आईकडे वळला. “आई, चहा टाकतेस?”

मी घाबरले, आणि घाबरले याचाही मला राग आला.

५

तिसऱ्या मापाच्या सकाळी मी लवकर गेले. ट्रेच्या कपाटाला माझं कुलूप, दारावर माझी सही केलेली कागदी पट्टी. दोन्ही जशीच्या तशी. ट्रे काढून फळीवर ठेवला आणि दिवा लावायच्या आधीच कळलं की हात लहान झालाय. मोठ्या माणसाचा सदरा धुवून आटावा तसा, सगळीकडून सारखा.

मधलं हाड चौसष्ट पूर्णांक शून्य. दशांशाचं यंत्रही चौसष्टच म्हणालं. त्याने पॉइंटच्या पुढचं काही सांगितलं नाही तेव्हाच मला कळलं की तोही हादरलाय. सूत्राचं उत्तर रेषेच्या चांगलं खाली आलं. स्त्री.

“पटकन उरकून टाक,” तो म्हणाला. “मला हे कपाटात नको आहे.”

“करंगळीखालचं बघ. इथे गाठ होती.”

त्याने हाड उचलून दिव्याखाली फिरवलं. मीही फिरवलं. बोट फिरवलं, नख फिरवलं. गाठ नव्हती. हाड स्वच्छ, सरळ, कधीच न मोडलेलं. वर माझ्या शाईचा नंबर, आकडे एकमेकांवर चढलेले.

“फॉर्मवर लिहिलीस का?” दशांशाने विचारलं.

एक्स-रे आम्ही हाडं पुरती सुकल्यावर काढतो, म्हणजे तोही नव्हता. रकाना कोरा होता. वीस वर्षांत मी कोरा सोडलेला एकमेव रकाना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हात लपवून करून ठेवलं होतं.

आता एकच आशा होती, व्हर्नियर झिजला असेल. दशांशाचं यंत्र चुकलं असेल, माझा झिजला असेल, सगळं एकदमच बिघडलं असेल. झिजलेलं माप ओळखायचा तो दादा, म्हणून व्हर्नियर पर्समध्ये घालून मी तशीच अर्धी रजा टाकून घरी गेले.

दुपारची दोनची वेळ. आई आत पडली होती. दादा खिडकीशी बसला होता, डावा हात खिशात. मी पर्स ठेवली आणि पाणी प्यायला वळले. परत आले तेव्हा पेटी उघडी होती.

त्याने व्हर्नियर दांड्याने धरला होता, एका हातात, सराईतपणे. अंगठ्याने एक जबडा पुसला. मग दुसरा. जबडे मिटले, खिडकीकडे धरले आणि डोळा बारीक केला. मी तीस वर्षं पाहिलेली हालचाल, जशीच्या तशी, मानेच्या त्या किंचित तिरकेपणासकट.

“उजेड नाही,” तो म्हणाला. “अजून पक्का आहे. तुझी मापं खरी आहेत, फौजदार. बिनधास्त सही कर.”

सहीचं मी घरात कुणाजवळ बोलले नव्हते.

व्हर्नियर मिटताना त्याची मूठ वळली होती. करंगळीच्या उंचवट्याच्या जागी खड्डा होता.

६

आईला सांगायचं ठरवलं. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत उभी राहिले आणि सरळ बोलून टाकलं. हात, गाठ, मापं, कचऱ्याचा डबा, सगळं. मी पुरावे मांडते तसंच मांडलं, क्रमाने. ऐकताना ती एकही कपडा वाळत घालायची थांबली नाही.

शेवटी म्हणाली, “त्याला मी जन्म दिलाय. तू मला त्याचा हात शिकवतेस?”

“तसं नाही गं आई.”

“मग कसं?” तिने राखाडी स्वेटर झटकला. डाव्या बाहीला ती आतून हात घालत नव्हती, बाहेरूनच सरळ करत होती. “त्याला आता पेला धरता येतो. परवा माझ्या केसांतून हात फिरवला. अगदी तसाच, दोन बोटांनी. पहिल्या दिवशी तसा नव्हता, एवढं मलाही कळतं.”

मला वाटत होतं तिला काही दिसत नाहीये. तिला माझ्याआधीच सगळं दिसलं होतं.

“सात वर्षं मी दार उघडं ठेवलं,” ती म्हणाली. “उघड्या दारातून जे आत आलं, ते परत घालवायची ताकद माझ्यात नाही. तू घालवलंस तर मी तुला काही म्हणणार नाही. पण मग मीही राहायची नाही, हे तुला सांगून ठेवते.”

हे ती धमकी म्हणून बोलली नाही. उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं बोलली. मग उरलेले चिमटे माझ्या हातातून घेतले.

“डाव्या हाताकडे मी बघत नाही,” ती म्हणाली. “तूही बघू नकोस.”

७

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फॉर्म पुढे घेतला. तीन चौकटी असतात. पुरुष, स्त्री, सांगता येत नाही. तिसऱ्या चौकटीवर मी बराच वेळ पेन धरून बसले. तिथे खूण केली असती तर हाडं आमच्याच कपाटात राहिली असती, माझ्या कुलपात. आणि रोज सकाळी थोडी थोडी कमी होत गेली असती. ते मला बघवलं नसतं.

पुरुष म्हणून खूण करायला माझ्याकडे फक्त एक रद्द झालेलं माप होतं आणि एक न लिहिलेली गाठ. नियम, सूत्र, दशांश, अधिकारी, बाकावरचा म्हातारा, आई, सगळे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एकटा दादा, एकोणीस हाडांपुरता. लहानपणीही भांडणात मी त्याची बाजू कधी घेतली नव्हती.

मी ‘स्त्री’वर खूण केली आणि सही केली.

शिंपीकाकांना खोका मीच नेऊन दिला. बुटाच्या खोक्यापेक्षाही लहान. त्यांनी झाकण उघडलं नाही, फक्त दोन्ही तळहातांवर तोललं. “लहानच आहे,” ते म्हणाले. “साडेसहाच.” आणि भर दुपारी त्या बाकावर लहान मुलासारखे रडले. मला म्हणाले, “तुमचे उपकार झाले बाई.” माझ्या भावाला मी परक्याच्या हातात दिलं होतं आणि परका माझे आभार मानत होता. मी मान हलवली. याहून हलकट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. आईने चहा टाकला होता. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. दादाने कप उजव्या हातात धरला होता, करंगळी जराशी बाहेर, दार लागल्यापासून धरायचा तशी. मी त्याच्या शेजारी बसले आणि न विचारता तो हात माझ्या हातात घेतला. ऊबदार होता. करंगळीखाली माझ्या अंगठ्याला गाठ लागली. मधल्या बोटाखालचं हाड मी नुसतं चाचपलं. मला व्हर्नियर लागला नाही, इतकी वर्षं हे काम केलंय. अडुसष्ट पूर्णांक चार.

तो दादाचाच हात होता. मी तो तोंडाशी धरला आणि रडले. दादानेच मला थोपटलं, त्याच हाताने.

“पुरे आता,” आई म्हणाली. ती हसत होती. हसता हसता तिचा धक्का लागला आणि तिचा कप टेबलाच्या कडेवरून कलंडला.

त्याचा उजवा हात माझ्या हातात होता. त्याने डावा खिशातून काढला आणि कप हवेतच धरला. पट्टी अर्धी सुटली होती. आईने कप पडायच्या आधीच, अगदी वेळेवर, तोंड खिडकीकडे फिरवलं. मी फिरवलं नाही. सवय.

पाच बोटं होती. पाचही सारखी. एकाच लांबीची, एकाच जाडीची, एका ओळीत फुटलेली, अंगठा म्हणावा असं त्यांत एकही नाही. नखं नव्हती. कप त्यांनी चहूबाजूंनी धरला होता आणि एक थेंबही सांडला नव्हता.

त्याने कप आईपुढे ठेवला, पट्टी गुंडाळून घेतली आणि हात परत खिशात घातला. मग एक घोट चहा घेतला.

“ती दुसरी टाकी,” तो सहज आवाजात म्हणाला, “ती कधी उपसणार आहेत गं, फौजदार?”

आईने खिडकीतून मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. सात वर्षं ती ज्या नजरेने दाराकडे बघायची, त्याच नजरेने.

“सोमवारी,” मी म्हणाले.